ध्वनिसंकेत, सागरी

दाट धुके, मुसळधार पाऊस किंवा हिमवृष्टी यांमुळे समुद्रावरील दृश्यमानता कमी झाली असता खडक, उथळ जागा, बंदराचे मुख किंवा दुसरे जहाज जवळ असल्याची सूचना खलाशांना आवाजाच्या साहाय्याने देण्याच्या साधनांना व पद्धतींना सागरी ध्वनिसंकेत म्हणतात. घंटा, तोफ, शिट्टी, कर्णा, सायरन ही अशी प्रमुख साधने होत. ती किनाऱ्यावर, दीपगृहात, दीपनौकेवर, तरंगत्या बोयावर किंवा खुद्द जहाजावर बसविलेली असतात.

दीपगृहाचा प्रकाश कितीही प्रखर असला, तरी दाट धुक्यात तो काहीशे मीटरांपलीकडे पोहोचेलच असे नाही. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदू प्रकाशाचे प्रकीर्णन करतात, तर त्यांच्या मानाने कितीतरी लांब असलेल्या ध्वनितरंगांना त्यांचा फारसा अडथळा होत नाही. म्हणूनच दीपगृहांच्या जोडीला ध्वनिसंकेतांची आवश्यकता भासली. तथापि प्रकाश डोळ्यांपर्यंत सरळ रेषेत येतो व त्यावरून दिशा अचूक ठरविता येते. हवेतील ध्वनीची गोष्ट तशी नाही. तो वाकतो, परावर्तित होतो आणि कधी कधी उगमाजवळच नाहीसा होतो. त्यामुळे अधिक मोठा आवाज निर्माण करण्याचे प्रयत्न आणि त्या आवाजावर कितपत विसंबावे याचा शोध, असे दोन समांतर प्रवाह या साधनांच्या इतिहासात दिसतात. त्यांपैकी दुसरा शोध अधिक उशिरा लागला व त्यासाठी खलाशांना मोठी किंमत मोजावी लागली.

घंटा व तोफा : बंदराजवळच्या चर्चची घंटा वाजविणे, नगारे बडविणे, शिंग फुंकणे यांसारख्या उपायांनी परतणाऱ्या नौकांना किनाऱ्याची जाणीव करून देण्याची रीत युरोपात जुनी आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आरब्रोथ गावापासून सु. १८ किमी. अंतरावर समुद्रात इंचकेप नावाचा खडक असून तो भरतीच्या वेळी पूर्णपणे पाण्याखाली जातो. चौदाव्या शतकात आरब्रोथच्या मठाधिपतीने या खडकावर लाटांच्या हेलकाव्यांनी वाजणारी घंटा बसविली होती. एका चाच्याने ती काढून टाकली व पुढे त्याचेच जहाज त्या खडकावर आपटून बुडाले, अशी आख्यायिका आहे. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी याने हिच्यावर काव्य रचल्याने ती सर्वश्रुत झाली. आख्यायिकेची सत्यता सिद्ध झालेली नसली, तरी खडकाला ‘बेल रॉक’ म्हणजे घंटेचा खडक हे नाव पडले ते कायमचे. रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याच्या देखरेखीखाली या खडकावर बांधलेले दीपगृह १ फेब्रुवारी १८११ रोजी प्रज्वलित झाले. दिवे फिरविणाऱ्या यंत्रानेच तेथील मोठ्या घंटांना धुक्याच्या वेळी टोले देण्याची योजना त्यात केलेली होती.

उत्तर अमेरिकेतील पहिला धुके-संकेत म्हणजे बॉस्टन बंदराच्या दीपगृहात १७१९ मध्ये ठेवलेली तोफ होय. धुक्यात येणाऱ्या जहाजाने तोफ डागली म्हणजे दीपगृहातून तोफेनेच तिला उत्तर दिले जाई. इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असलेल्या लंडी बेटाच्या पश्चिम कड्यावर १८६३ मध्ये तोफांचा मोर्चा उभारण्यात आला व धुके असेपर्यंत दर दहा मिनिटांनी बार काढण्यासाठी तेथे गोलंदाज सहकुटुंब राहू लागले. तोफेचा आवाज मोठा असला, तरी तो क्षणभरच टिकतो. खलाशाचे लक्ष त्या क्षणी अन्यत्र असले, तर पुढल्या बारापर्यंत त्याला काहीच कळत नाही आणि तेवढ्या अवधीत जहाज बरेच अंतर तोडते. दारूचा खर्च व गोलंदाजांना होणारे अपघात ही आणखी दोन वैगुण्ये होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफांची जागा प्रथम स्फोटक अग्निबाणांनी व पुढे यांत्रिक भोंग्यांनी घेतली.

घंटा वाजविण्यासाठी वजनावर चालणारी घड्याळी यंत्रणा वापरीत. ती बिघडली म्हणजे दीपपालास स्वतः टोले द्यावे लागत. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागरातील एंजल बेटावरील धुके-घंटेचे यंत्र २ जुलै १९०६ रोजी बंद पडले, तेव्हा तेथील दीपपाल ज्युलिएट निकोल्स या महिलेने हातात हातोडा घेऊन सलग २० तास ३५ मिनिटे घंटेवर टोले दिले. त्या वर्षीच्या एप्रिलमधील भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रॅन्सिस्को शहराकडे येणाऱ्या जहाजांची वाहतूक त्या वेळी चालू होती. दोनच दिवसांनी यंत्र पुन्हा बिघडले व त्याही रात्री त्यांनी घंटा वाजती ठेवली.

घंटा-बोया : जेथे दीपगृह बांधणे किंवा माणूस ठेवणे शक्य नसते अशा ठिकाणी ध्वनिसंकेत देणारा तरंगता बोया साखळीने तळाशी नांगरून ठेवतात. घंटा-बोयाची रचना अगदी साधी असते. पोकळ पोलादी तरंडावर लोखंडी सांगाडा उभारून त्यात घंटा पक्की बसवितात. घंटेच्या आत लोंबणाऱ्या एका लोळ्याऐवजी बाहेरच्या बाजूंनी बिजागरीवर झुलणारे तीन किंवा चार लोळे असतात. लाटेने बोया कोणत्याही दिशेस कलला, तरी त्यांपैकी एखादा लोळा घंटेवर आपटतो. या घंटेला ठरावीक ताल नसतो व त्यामुळेच किनाऱ्यावरील यंत्रचलित घंटेपासून ती ओळखू येते. जवळजवळ असलेल्या दोन बोयांचा घोटाळा होऊ नये म्हणून काही ठिकाणी एकाखाली एक अशा तीन-चार थाळीवजा घंटा बसवितात. प्रत्येक थाळीचा स्वर वेगळा असून तिला स्वतंत्र लोळा असतो. त्यामुळे एका सुराच्या घंटेहून हा बोया निराळा ऐकू येतो.

शिट्टी-बोयातही लाटांचीच ऊर्जा वापरतात. हा बोया न्यूयॉर्क येथील जे. एम. कोर्टने यांनी १८७०–८० या दशकात प्रचारात आणला. त्याच्या तळाला कित्येक मीटर लांबीची, खालच्या टोकास उघडी असलेली नळी जोडलेली असते. लाटांची हालचाल पृष्ठभागाजवळ जास्त व खोल पाण्यात अत्यल्प असल्यामुळे नळीतील पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर राहते व बोया मात्र लाटेबरोबर वरखाली होतो. म्हणजे पाणी हा स्थिर दट्ट्या आणि बोया हे त्यावर सरकणारे नळकांडे होय. बोया वर उचलला गेला की झडपेतून हवा आत येते. तो खाली आला की कोंडलेली हवा दाबली जाऊन माथ्यावरील शिट्टीतून वेगाने बाहेर पडते. शिट्टी-बोया हा मोठ्या व लांब लाटा असणाऱ्या खुल्या समुद्रासाठी, तर घंटा-बोया हा आखूड लाटांच्या, किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी सोयीचा असतो.

या दोन्ही बोयांना इंधन लागत नाही व देखरेखीसाठी माणूस लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण होय. मात्र त्यांचा दोषही त्याच गुणातून निर्माण झालेला आहे. समुद्र खवळलेला असतो तेव्हा ते मोठ्याने वाजतात; पण दाट धुके पुष्कळदा वारा मंद व समुद्र शांत असताना पडते आणि नेमक्या अशा वेळी बोया जवळजवळ मुका असतो. या अडचणीवर उपाय म्हणून दाबाखालील वायूने किंवा विजेने चालणारे टोले देण्याची व्यवस्था काही बोयांवर पुढे करण्यात आली. शांत समुद्रातही वाजणारी तरंगती घंटा तयार होणे हे मात्र माणसाने तिला बाहेरून शक्ती पुरविल्यावरच शक्य झाले.

वाफ व संपीडित हवा : बाष्पशक्तीच्या प्रसाराबरोबर ध्वनिसंकेतांचे सामर्थ्य एकदम वाढले. अमेरिकेतील सेलेडन डॅबॉल यांनी १८५० नंतरच्या काळात संपीडित हवेने स्वरपत्ती कंप पावविणारा मोठा कर्णा तयार केला. त्याच सुमारास कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सेंट जॉन बंदराच्या मुखाशी असलेल्या पार्ट्रिज बेटावर वाफेची शिट्टी बसविण्यात आली (१८५९). तिची कल्पना रॉबर्ट फाउलिस (१७९६–१८६६) या स्कॉटिश वंशाच्या अभियंत्याची होती. धुक्यातून घराकडे येताना मुलीने वाजविलेल्या पियानोचे खर्जातील स्वर तेवढे आपल्याला ऐकू आले व त्यावरून ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. फाउलिस यांनी शिट्टीचे एकस्व घेतले नाही. शिट्टीच्या उभारणीचे श्रेय प्रथम दुसऱ्याकडे गेले. प्रांताच्या विधिमंडळाने पुढे त्यांनाच खरे संशोधक म्हणून मान्यता दिली. परंतु तिचा आर्थिक लाभ त्यांना झाला नाही व त्यांचा मृत्यू दारिद्र्यात झाला.

फ्रेंच भौतिकीविज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये ध्वनीची कंप्रता मोजण्यासाठी सायरन हे उपकरण बनविले होते. छिद्रे असलेली तबकडी वेगाने फिरवून तिच्यातून हवेचा झोत सोडला, म्हणजे झोत आळीपाळीने अडतो व सुटतो आणि स्वर निर्माण होतो. प्रयोगशाळेतील या उपकरणाला वाफ व मोठा कर्णा जोडून अमेरिकेत धुके-सायरन तयार करण्यात आला. पाइप ऑर्गन बनविणारे रॉबर्ट होप-जोन्स यांच्या एका युक्तीत सुधारणा करून टोराँटो येथील जॉन नॉर्दी यांनी १९०३ मध्ये डायाफोन या भोंग्याचे एकस्व मिळविले. यात तबकडीऐवजी चिरा पाडलेला दट्ट्या संपीडित हवेने पुढे-मागे धावतो. त्याच्या खर्जातील दीर्घ स्वराच्या शेवटी येणारा हुंकार हे त्याचे वैशिष्ट्य होय. कॅनडा, अमेरिका व ब्रिटन यांच्या किनाऱ्यांवर हा भोंगा अनेक दशके प्रचारात होता. पुढे विद्युत् चुंबकाने पडदा कंप पावविणारे भोंगे आले. प्रत्येक ठिकाणच्या भोंग्याचे स्वर, त्यांची संख्या आणि मधली विश्रांती ही ठरवून दिलेली असत व नाविकांच्या सूचीत छापलेली असत. त्यामुळे हातातील घड्याळावरून कोणता भोंगा वाजत आहे, हे खलाशाला ओळखता येई.

ध्वनीची अनिश्चितता : धुक्यामुळे आवाज दबतो, असे मत इंग्रज धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ विल्यम डरॅम यांनी १७०८ मध्ये मांडले होते. ध्वनीच्या वेगाची उत्तम मापने करणाऱ्या या शास्त्रज्ञाचे हे मत दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणी तपासून न पाहता प्रमाण मानले गेले. ब्रिटनमधील दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने आपले वैज्ञानिक सल्लागार जॉन टिंडल यांच्याकडे हे काम सोपविले व मे १८७३ मध्ये डोव्हरजवळील साउथ फोरलंड येथील कड्यावर प्रयोगांस प्रारंभ झाला. कड्यावरून कर्णे, शिट्ट्या व तोफा यांचे आवाज काढीत आणि टिंडल नौकेत बसून वेगवेगळ्या अंतरांवर ते ऐकत. त्याच वर्षी अमेरिकन दीपगृह मंडळाने पाठविलेला वाफेचा सायरनही या चाचण्यांत वापरला गेला.

प्रयोगांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. काही दिवशी पाऊस व धूसर हवा असताना आवाज दहा मैलांपलीकडे ऐकू आला. उलट ३ जुलै १८७३ रोजी आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि समुद्र शांत होता. तरीही अवघ्या दोन-तीन मैलांवर तोफेचा धूर स्पष्ट दिसत असूनही बार ऐकू येईना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनवर दाट धुके पसरले असता टिंडल यांनी हाइड पार्कमधील तळ्यावर प्रयोग करून पाहिले व धुक्यात आवाज अधिक चांगला पोहोचतो असे त्यांना आढळले. डरॅम यांचे मत अशा प्रकारे चुकीचे ठरले. स्वच्छ हवेत बाष्प व तापमान यांच्या विषमतेमुळे तयार होणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘ध्वनिमेघां’वरून आवाज परावर्तित होतो, असे स्पष्टीकरण टिंडल यांनी दिले.

अमेरिकेत जोसेफ हेन्री (१७९७–१८७८) हे याच प्रश्नाचा अभ्यास १८६५ पासून करीत होते. ते १८७१ पासून मृत्यूपर्यंत दीपगृह मंडळाचे अध्यक्ष होते. एखादा भोंगा जवळ ऐकू येतो, आणखी पुढे गेल्यावर ऐकू येईनासा होतो आणि त्याहून दूर गेल्यावर पुन्हा ऐकू येतो, असे शांत पट्टे त्यांना समुद्रावर आढळले. हेन्री यांच्या मते याचे मुख्य कारण वारा हे होते. वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलत असल्याने ध्वनितरंग वाकतात, ही कल्पना जी. जी. स्टोक्स यांनी १८५७ मध्येच मांडली होती. ऑझ्बर्न रेनल्ड्‌झ यांनी १८७४ मध्ये तापमानाच्या बदलामुळेही ध्वनीचे प्रणमन होते असे दाखविले. उष्ण हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो. त्यामुळे वरची हवा थंड असेल, तर तरंग वर वाकतात व समुद्रसपाटीवर नि:शब्द छाया पडते. वरची हवा उष्ण असेल, तर ते खाली वाकतात व आवाज दूरवर जातो. थंड पाण्यावर उबदार हवा येऊन पडणाऱ्या धुक्यात पुष्कळदा ही दुसरी स्थिती असते. टिंडल यांनी नोंदलेल्या घटना खऱ्या होत्या. पण त्यांच्या स्पष्टीकरणापेक्षा प्रणमनाचे स्पष्टीकरण पुढे अधिक ग्राह्य ठरले (→ ध्वनिकी).

या वादातून नाविकांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. ऐकू आलेल्या आवाजाच्या तीव्रतेवरून अंतर ठरविता येत नाही. तो ज्या दिशेने आला असे वाटते, त्याच दिशेस त्याचा उगम असेल असेही नाही. आणि भोंगा ऐकू येत नाही म्हणजे धोका दूर आहे, असे तर मुळीच मानता येत नाही. त्यानंतर नाविकांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून अशा अर्थाचा इशारा छापला जाऊ लागला. ध्वनिसंकेत ऐकू आला, तर तो सावधगिरीची सूचना देतो. न ऐकू आला, तर कोणतीच ग्वाही देत नाही. म्हणून धुक्यात वेग कमी करणे व ओळंबा सोडून पाण्याची खोली मोजत राहणे हे जुने उपाय भोंग्यांच्या काळातही टिकून राहिले.

काही कप्तानांनी ध्वनीच्या परावर्तनाचाच उपयोग करून घेतला. अलास्का व ब्रिटिश कोलंबिया येथील उंच कड्यांमधील अरुंद जलमार्गांत धुके असताना आगबोटीची शिट्टी वाजवून प्रतिध्वनी येईपर्यंतचे सेकंद मोजीत. हवेत ध्वनी सेकंदाला सु. ३४० मी. जातो, म्हणून सहा सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर कडा सु. १ किमी. अंतरावर असे. दोन्ही बाजूंचे प्रतिध्वनी एकाच वेळी आले, की जहाज मार्गाच्या मध्यावर आहे असे समजत.

पाण्याखालील घंटा : हवेतील ध्वनीचे दोष टाळण्यासाठी पाण्यातून संकेत पाठविण्याची कल्पना पुढे आली. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५०० मी. असून तो दूरपर्यंत व अधिक नियमितपणे जातो. दूरध्वनीच्या संशोधकांपैकी एक असलेले इलायशा ग्रे व त्यांचे सहकारी आर्थर मंडी यांच्या प्रयोगांतून १९०१ मध्ये बॉस्टन येथे सबमरीन सिग्नल कंपनी स्थापन झाली. दीपनौकेखाली पाण्यात टांगलेल्या घंटेवर संपीडित हवेने चालणारा हातोडा ठरावीक संख्येने टोले देई. जहाजाच्या नाळेच्या दोन्ही बाजूंना आतून पाण्याच्या टाक्या बसवून त्यांत ध्वनिग्राहक ठेवीत. अधिकारी दूरध्वनीसारख्या श्रवणयंत्रातून आळीपाळीने दोन्ही बाजू ऐके व ज्या बाजूला आवाज मोठा, त्या बाजूला घंटा असे ठरवी. पहिल्या महायुद्धापूर्वी अटलांटिकमधील अनेक मोठ्या जहाजांवर ही योजना होती.

याच कंपनीसाठी काम करणारे रेजिनल्ड फेसेंडेन यांनी घंटेऐवजी विद्युत् आंदोलक बनविला. एप्रिल १९१४ मध्ये ‘मायामी’ या गस्ती जहाजावरून घेतलेल्या चाचणीत त्याच्या साहाय्याने हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी टिपण्यात यश आले. ‘टायटॅनिक’च्या अपघातास त्या वेळी दोन वर्षे झाली होती. पाण्याची खोली व पाणबुड्यांचा ठावठिकाणा प्रतिध्वनीने शोधण्याच्या पुढील तंत्राशी या कामाचा निकटचा संबंध आहे. पाण्याखालील घंटा मात्र रेडिओच्या प्रसारानंतर मागे पडली.

जहाजांचे परस्पर संकेत : आगबोटींचा वेग व संख्या वाढल्यावर जहाजांनी धुक्यात एकमेकांना कसे सूचित करावे, याचे नियम करणे भाग पडले. ब्रिटन व फ्रान्स यांनी १८६३ मध्ये अमलात आणलेले नियम इतर अनेक राष्ट्रांनी स्वीकारले व १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यांची व्यापक फेररचना झाली. सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे असून ते जुलै १९७७ पासून अमलात आहेत. त्यांनुसार दृश्यमानता कमी असताना चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ (४ ते ६ सेकंदांचा) भोंगा द्यावा. यंत्रे थांबवून पाण्यावर स्थिर असलेल्या जहाजाने दोन दीर्घ भोंगे द्यावेत. नांगरलेल्या जहाजाने दर मिनिटास सु. पाच सेकंद घंटा जलद वाजवावी. जहाज १०० मी. किंवा अधिक लांब असेल, तर पुढे घंटा व पाठोपाठ पिछाडीस थाळी-घंटा वाजवावी. परस्परांना दिसणाऱ्या जहाजांसाठी एक आखूड भोंगा म्हणजे ‘उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे वळत आहे’, तीन म्हणजे ‘यंत्रे उलटी चालवीत आहे’ आणि पाच किंवा अधिक म्हणजे ‘तुमचा हेतू कळत नाही’ असा अर्थ आहे. अपुऱ्या माहितीवरून अनुमान काढू नये, असेही हे नियम स्पष्टपणे बजावतात.

या अखेरच्या नियमामागे दीर्घ अनुभव आहे. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखप्रदेशात ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ हे प्रवासी जहाज व ‘स्टॉरस्टॅड’ ही कोळसा वाहून नेणारी नॉर्वेजियन आगबोट यांनी एकमेकांचे दिवे पाहिले होते. मध्येच धुके आले. त्यानंतर दोघांनी भोंगे वाजविले व ऐकलेही. पण समोरचे जहाज कोणीकडे जात आहे, याविषयी दोघांचे तर्क वेगवेगळे होते. धुक्यातून पुन्हा परस्परांचे दर्शन घडले, तेव्हा टक्कर टाळण्यास वेळ उरला नव्हता. प्रवासी जहाज सु. १४ मिनिटांत बुडाले व १,४७७ पैकी १,०१२ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी आयोगाने ‘स्टॉरस्टॅड’ला दोषी धरले. अपघाताच्या वेळी संकेत वाजले नाहीत असे झाले नाही. ते वाजले, ऐकू आले आणि तरीही त्यांचा अर्थ लागला नाही.

रेडिओ, रडार व ध्वनिसंकेतांचा ऱ्हास : १९२० नंतर दीपगृहे व दीपनौका यांवर रेडिओ शलाका-केंद्रे बसू लागली. काही ठिकाणी रेडिओ संकेत व भोंगा एकाच क्षणी सोडीत. रेडिओ तरंग तत्काळ पोहोचतात व हवेतील ध्वनीला एक सागरी मैल जाण्यास सु. साडेपाच सेकंद लागतात. त्यामुळे मधल्या सेकंदांवरून अंतर काढता येई. भोंग्यावरून अंतर ठरविण्याची विश्वसनीय रीत अशा प्रकारे रेडिओची जोड मिळाल्यावर प्राप्त झाली.

परंतु नव्या साधनावरील अतिविश्वासही घातक ठरू शकतो, हे लवकरच दिसून आले. १५ मे १९३४ रोजी दाट धुक्यात ‘ऑलिम्पिक’ हे अटलांटिकमधील अवाढव्य प्रवासी जहाज अमेरिकेच्या नँटकेट दीपनौकेच्या रेडिओ शलाकेचा मागोवा घेत येत होते. शलाका इतकी अचूक होती, की जहाज सरळ दीपनौकेवरच जाऊन आदळले. दीपनौका बुडाली व तिच्यावरील अकरांपैकी सात जण मरण पावले. इतरांना वाट दाखविणे हेच त्यांचे काम होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी जहाजांवर रडार आले, त्यानंतर उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती होऊ लागली. जहाजांच्या सुकाणूकक्षा बंदिस्त झाल्या व इंजिनांचा आवाज वाढला; त्यामुळे बाहेरचा भोंगा ऐकू येणेही अवघड झाले. दीपगृहे स्वयंचलित होऊन दीपपालांची पदे रद्द झाली. स्कॉटलंडमधील अखेरचा धुके-भोंगा ऑक्टोबर २००५ मध्ये स्केरीव्होर दीपगृहात बंद करण्यात आला. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील उरलेले भोंगे जानेवारी २०११ मध्ये थांबविण्यात आले. २२ जून २०१३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउटर दीपगृहाजवळ जुना भोंगा, वाद्यवृंद व समुद्रात जमलेल्या अनेक नौकांचे भोंगे यांचा एकत्रित कार्यक्रम झाला. धुके-भोंग्याला दिलेला तो निरोपच होता.

भारत : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तर अटलांटिकसारखे दाट सागरी धुके क्वचितच पडते. येथे दृश्यमानता मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी पावसाने घटते आणि त्या काळात देशी गलबतांची वाहतूक परंपरेने बंद असे. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर खांदेरी (१८६७) व मुंबईजवळील प्राँग्ज (१८७५) यांसारख्या दीपगृहांच्या प्रकाशावरच मुख्य भर राहिला. हुगळीच्या मुखाकडे मात्र हिवाळ्यात धुक्याचा उपद्रव जाणवतो. भारतातील दीपगृहांचा कारभार १९२७ च्या अधिनियमानुसार चाले. त्याची जागा २०२१ मध्ये सागरी नौकानयन साहाय्यासंबंधीच्या नव्या अधिनियमाने घेतली (→ दीपगृह).

सद्यःस्थिती : किनाऱ्यावरील भोंगे कमी झाले असले, तरी जहाजांनी द्यावयाचे ध्वनिसंकेत आजही बंधनकारक आहेत. १२ मी. किंवा अधिक लांबीच्या जहाजावर भोंगा व २० मी. किंवा अधिक लांबीच्या जहाजावर घंटाही असावी लागते. घंटा-बोये व शिट्टी-बोयेही अनेक किनाऱ्यांवर अद्याप आहेत. लहान मच्छीमार नौका व शिडाच्या होड्या यांना ते विशेष उपयोगी पडतात. उपग्रहांकडून येणारे संकेत क्षीण असल्याने त्यांत अडथळा आणता येतो किंवा खोटे संकेत मिसळता येतात. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांच्या उपकरणांनी त्यांचे स्थान किनाऱ्यापासून आत, विमानतळावर असल्याचे दाखविले होते. अशा प्रसंगी डोळे, कान आणि पाण्याची खोली हेच आधार उरतात.

घंटा-बोयाला बाहेरची शक्ती लागत नाही; त्यावरील घंटा लाट आली की वाजते व लाट नसली की वाजत नाही. तिची ही मर्यादा सर्वांस ठाऊक असल्यामुळेच ती कोणाची दिशाभूल करीत नाही. कोणत्याही संकेताचा उपयोग त्याच्या सामर्थ्याइतकाच त्याच्या मर्यादांच्या ज्ञानावर अवलंबून असतो, हे सागरी ध्वनिसंकेतांच्या तीनशे वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिलेले आहे.